भूत काही दिसलं नाही

१ जून

मच्छीमार सोसायटीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. पाच महिने ती फ्रीजवर होती आणि माझी बायको जनी तिच्यावर लसणाची टोपली ठेवत होती, त्यामुळे पानांना वास आहे. असो. कोळ्याच्या घरात वास नसलेली वस्तू कुठे असते?

आजपासून दोन महिने मासेमारी बंद. बोट वर ओढली, इंजिन झाकलं, फाटकी जाळी अंबाजीच्या पडवीत टाकली. मास्तर लोकांना मे महिन्याची सुट्टी, आम्हाला पावसाची. माझ्या पोराने, केतनने, नवा मोठा टीव्ही आणलाय आणि आमच्या सूनबाईंना, हेमालीला, त्यात जगातले सगळे सिनेमे सापडतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक, असं ठरलंय.

लिहायचं कारण अंबाजी. लहानपणापासूनचा दोस्त आणि शेजारी. बायको वारल्यापासून एकटाच राहतो. बोट पुतण्याला दिली आणि आता लोकांची जाळी विणून देतो. सिनेमाला रोज आमच्याकडे. पण आज पाहिलेल्या सिनेमाबद्दल उद्या भलतंच सांगतो आणि वर माझ्याशी हुज्जत घालतो. म्हणून आता माझं मत लेखी. मी दहावीपर्यंत गेलोय, तो सातवीपर्यंत.

एक तक्रार लिहून ठेवतो. सोसायटीने यंदा हलका माल वाटलाय, पानांवर रेघाच छापलेल्या नाहीत. जनी म्हणते आहेत. तिला लिहिता येत नाही, तिला रेघांचं काय कळणार?

३ जून

कोर्टाचा सिनेमा. नाव लिहिलं असतं, पण हल्ली नावं इतक्या बारीक अक्षरांत दाखवतात की बनवणाऱ्यालाच लाज वाटत असावी. वकील आणि खुनी ही दोन्ही कामं एकाच नटाने केलीत. काटकसर म्हणून ठीक आहे, पण प्रेक्षकाचा गोंधळ होतो. अंबाजी म्हणाला, न्यायाधीशही तोच होता. मी म्हटलं, न्यायाधीश बाई होती. यावर अर्धा तास गेला. हेमाली तोंडाला पदर लावून आत गेली.

सगळा सिनेमा धुक्यात काढलाय. कोर्टात धुकं कुठून आलं? हल्ली ती फॅशन दिसते.

हेमाली गुणी पोर आहे, पण सिनेमा बघताना तिचं तोंड बंद राहत नाही. आता तो जिना उतरतोय बाबा, आता तिला उशीखाली चिठ्ठी मिळाली बाबा. पेणची माणसं बोलकी असतात. केतनलाही तिचंच वारं लागलंय. गेला सबंध हंगाम सुकाणूपाशी माझ्याजवळ उभा राहून एकच जप. बाबा, पुढे तरंगता बोया हाय. बाबा, डावीकडे कुणाची जाळी हायत. मी चाळीस वर्षं तांडेल आहे. बोट कुठे न्यायची ते मला सांगायला अजून कुणी जन्माला आलेला नाही.

७ जून

समुद्राचा सिनेमा. वादळात हिरो सुकाणू सोडून हिरॉइनचा हात धरतो. माझ्या बोटीवर असता तर मी त्याला त्याच हाताने पाणी उपसायला लावलं असतं. बोट दाखवली छोटी आणि इंजिनाचा आवाज सहा सिलिंडरचा. नांगराची साखळी दगडावर घासते तसा आवाज येतो आणि म्हणे खाली वाळू आहे. अंबाजीलाही ते खटकलं. आम्हा दोघांचं एकमत झालं म्हणून मुद्दाम लिहितोय.

१० जून

सिनेमा नाही, वीज गेली होती. सकाळी मी आणि अंबाजी बोटीचा रंग आणायला मुरूडला गेलो. आमची बोट माझ्या बापाच्या काळापासून निळी. दुकानदाराने रंगांचं पत्रक पुढे टाकलं, मी बोट ठेवलं. तो म्हणाला, नक्की? मी अंबाजीला दाखवलं. अंबाजीने पत्रक दारापाशी उजेडात नेलं, नाकाशी धरलं आणि म्हणाला, हाच, आपला निळा. दुकानदाराने पुन्हा विचारलं, नक्की का. या नव्या पोरांना गिऱ्हाइकाशी बोलायची रीत नाही. आम्ही दोघांनी मिळून ऐंशी वर्षं बोटी रंगवल्यात असं त्याला ऐकवून आलो.

१२ जून

भुताचा सिनेमा. हेमाली माहेरी गेली होती, त्यामुळे शांतपणे बघता आला. जनीने दोनदा किंकाळी फोडली. केतन एवढा बाप्या गडी, उशी छातीशी धरून बसला होता. मी आणि अंबाजी ढिम्म. खरं सांगायचं तर अडीच तासांत भूत काही दिसलं नाही. दार वाजतं, पैंजण वाजतात, बाई ओरडते आणि पडद्यावर काळोख. भुताचा सिनेमा काढायचा आणि भूत दाखवायचं नाही, ही फसवणूक आहे. जनीला विचारलं, तू ओरडलीस कशाला? ती माझ्याकडे बघत राहिली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

१५ जून

चार दिवस उघडीप मिळाली. ताडपत्री बांधून बोट रंगवून काढली, दोन हात. सगळा रंग मीच दिला. अंबाजी डबा धरून होता.

रंग लोकांना फार आवडलेला दिसतो. सकाळपासून माणसं बघायला येतायत. काशीदहून दोघे गाडी घेऊन आले आणि फोटो काढून गेले. कुणी म्हणालं, गुणाजीदादा, हिंमत हाय तुझी. निळ्या रंगात हिंमत कसली ते कळलं नाही, पण कौतुक कुणाला नको असतं? बायका तोंड फिरवून हसत होत्या. अंबाजी म्हणाला, जळतात.

केतन मात्र बोटीपुढे उकिडवा बसून राहिला. मग हळूच म्हणाला, बाबा, अलिबागला डोळे दाखवून येऊ. मी ठणकावून नाही सांगितलं. संध्याकाळी थोडं धूसर दिसतं, कबूल. चाळीस वर्षं खारा वारा डोळ्यांत गेल्यावर कुणाला तसं दिसणार नाही? पण डॉक्टरकडे गेलं की तो काहीतरी सांगणारच, त्याचं पोट त्यावर आहे. आणि तो सांगणार की आता समुद्र बंद. मग नारळी पौर्णिमेनंतर बोट निघेल ती केतनच्या हाती आणि मी ओट्यावर.

माझा बा शेवटची अकरा वर्षं ओट्यावर बसून होता. दिसायचं बंद झालं होतं, आणि डॉक्टरकडे तो गेला नाही. नुसत्या आवाजावरून कुणाची बोट आली ते सांगायचा. सगळा कोळीवाडा त्याचं कौतुक करायचा. मला ते कौतुक नको आहे.

१८ जून

फार सुंदर सिनेमा. मल्याळी आहे, भाषा कळत नाही, पण हेमाली खालच्या ओळी वाचून सांगत होती. एक म्हातारा आपल्या मेलेल्या भावाची पेटी घेऊन पूल ओलांडायला निघतो आणि वाटेत त्याला पोलीस, बकरी, जुनी मैत्रीण असं कोणकोण भेटतं. पेटीत काय आहे ते शेवटी कळतं तेव्हा मला रडू आलं. हे डायरीत लिहायला हरकत नाही. अंबाजीनेही नाक पुसलं. पाचात पाच.

१९ जून

कालच्याच्या पासंगालाही पुरणार नाही असा भिकार सिनेमा. हिंदी. हेमालीचा घसा बसलाय म्हणे, ती गप्प होती. यातही एक म्हातारा, एक पेटी, एक पूल. हल्ली यांना गोष्टी मिळत नाहीत, एकमेकांच्या उचलतात. म्हातारा कालच्यापेक्षा ठेंगू. बकरीच्या जागी कुत्रा घातलाय, तोही बकरीसारखा ओरडतो. पेटी उघडली तेव्हा सगळे गप्प आणि पेटीत काय होतं ते दाखवलंच नाही. मी केतनला म्हटलं, कालचा दिग्दर्शक बघ आणि हा बघ. अंबाजी म्हणाला, कालचा म्हातारा दिसायलाही राजबिंडा होता. पाचात अर्धा.

केतन, हेमाली आणि जनी एकमेकांकडे बघत होते. त्यांनाही आवडला नसणार.

२० जून

कालचा आणि परवाचा सिनेमा एकच होता.

हेमालीनेच लावला होता, एकदा मल्याळी, एकदा हिंदी. तीच बकरी, तोच म्हातारा, तीच पेटी. आज जेवण झाल्यावर तिने मान खाली घालून सांगितलं आणि रडायला लागली. मी म्हटलं, घरात सासऱ्याची परीक्षा घेता? मग जनी बोलली. जनी सहसा एवढं बोलत नाही.

ती म्हणाली, "बोट जांभली हाय. निली न्हाय. जांभली. सगला गाव हसतंय आन् तुमी त्यांना हात जोडताव."

मी केतनकडे बघितलं. जनी म्हणाली, "एप्रिलमदी खडकावर जात व्हती बोट. या पोरानं तुमच्या हातावर हात ठेवून सुकानू फिरवला, तुमाना वाटला लाटेनं फिरला. मना पोरानं सांगितला न्हाय, खलाशांनी सांगितला. पुनवेला मी तुमाना बोटीवर जाऊ द्याची न्हाय. आडवी पडंन किनाऱ्यावर."

ती लाट मला आठवते. तेव्हा मी केतनला म्हणालो होतो, बघ, समुद्रच आपल्याला सांभाळतो.

२१ जून

सिनेमा बघितला नाही. जेवलोही नाही.

२२ जून

जेवलो. सुकटीचा वास बाहेरपर्यंत येत होता.

२४ जून

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. डोळ्यात सुरी घालणार याची नाही. जाळ्याच्या सुईने दोनदा तळवा फाटलाय, मी तसाच नारळाचा काथ्या गुंडाळून कामाला लागलो होतो. भीती ही की ते करून झाल्यावर डॉक्टर म्हणेल, आता एवढंच. तोवर निदान धुकं आहे आणि धुकं कधीतरी उठतं असं म्हणता येतं.

केतन ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, मला सुकाणू नकोय बाबा, तुमच्याशेजारी उभं राहायचीच सवय झालीय. एवढं बोलून उठून गेला. मी हेमालीला बोलावलं आणि अलिबागची तारीख घ्यायला सांगितली. तिने ती आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवली होती.

३ जुलै

एका डोळ्याचं झालं. मोतीबिंदू पिकला होता म्हणे, फणसासारखा. डोळ्यावर पट्टी आहे म्हणून हे पान केतन लिहितोय. मी सांगतो तेवढंच लिही, असं त्याला बजावलंय. डॉक्टर पोरगेलासा आहे. त्याने विचारलं, काका, गाडी कशी चालवत होता? मी म्हटलं, गाडी नाही, बोट. त्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

४ जुलै

पट्टी काढली. डॉक्टरला मिशी आहे.

बाहेर बाकावर जनी बसली होती. तिचे केस पांढरे झालेत. कपाळावर, डोळ्यांच्या कडेला किती रेघा आल्यात. हे कधी झालं? मी रोज तिच्या हातचं जेवत होतो आणि पाच-सहा वर्षांपूर्वीचीच जनी बघत होतो. ती म्हणाली, असं काय बघताव. मी म्हटलं, काही नाही, डॉक्टरने सांगितलंय बघायला. एसटीत सबंध रस्ता मी तिच्याकडेच बघत आलो. ती खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती.

गावात उतरल्यावर पहिल्यांदा बोट दिसली. देवा रे. पिकलेलं जांभूळ. त्यात ऊन पडलं होतं.

उजवा डोळा झाकला की अजूनही ती निळी दिसते. डावा झाकला की... नको. उलट लिहिलं की काय? ज्याचं ऑपरेशन झालंय त्या डोळ्याने जांभळी, दुसऱ्याने निळी. दहा वेळा करून बघितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोळीवाड्यातल्या दिपालीला वाटलं मी तिला डोळा मारतोय, ती जनीला सांगून गेली.

आणि डायरीला रेघा आहेत.

६ जुलै

रंगाचं काय करायचं यावर घरात चर्चा. केतन म्हणतो पुन्हा रंगवू. जनी म्हणाली, राहू द्या, मला आवडलाय, असंच लुगडं घ्या. म्हणजे राहिला.

अंबाजी भेटायला आला. मी म्हटलं, अरे, आपण बोट जांभळी करून ठेवली. तो म्हणाला, "कोन बोलतो? निलीच हाय. लोकांचा काय ऐकतंस?" मला भरून आलं. सगळा गाव हसत असताना एक दोस्त तरी माझ्या बाजूने खोटं बोलायला तयार आहे.

९ जुलै

भुताचा सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. मागे फसवणूक झाली होती, ती तपासायची होती.

भूत दिसलं. सुरुवातीपासून आहे. प्रत्येक खोलीत आहे. दाराच्या मागे उलटं लटकलेलं असतं आणि बाईच्या केसांतून बघतं. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा कुत्रा आत आला. अर्ध्यावर बंद करायला लावला. जनी म्हणाली, आता कळलं? रात्री मी भिंतीच्या बाजूला झोपलो, तिला कडेला झोपवलं. मागचं मत रद्द. पाचात चार, पण पुन्हा बघणार नाही.

अंबाजी बंद करेपर्यंत ढिम्म बसून होता. शूर माणूस आहे.

२० जुलै

सिनेमा नाही. दुपारी ही डायरी पहिल्या पानापासून वाचून काढली. जूनमधली अक्षरं सोसायटीच्या पाटीएवढी आहेत, एका पानात चार ओळी. एवढी मोठी अक्षरं मी काढत होतो आणि कोणी काही बोललं नाही.

वाचताना आधी स्वतःचं हसू आलं. मग हसू थांबलं.

वकील आणि खुनी एकच, असं मी म्हटलं होतं. न्यायाधीशही तोच, हे अंबाजीने म्हटलं होतं. रंगाचं पत्रक नाकाशी धरलं होतं अंबाजीने. भूत आम्हा दोघांना दिसलं नव्हतं, आणि नऊ तारखेलाही आम्हा दोघांत ते फक्त मला दिसलं. दुसरा म्हातारा पहिल्यासारखा राजबिंडा नव्हता, असं त्यानेच सांगितलं होतं. आणि बोट निळीच आहे हे तो माझी बाजू घेऊन बोलला नव्हता. त्याला ती निळी दिसते.

माझ्याशेजारी केतन उभा होता. सिनेमात हेमाली होती. घरात जनी होती. त्याच्याकडे सांगायला कोणी नाही, म्हणून त्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. जाळी तो हाताच्या अंदाजाने विणतो, त्याला डोळे लागत नाहीत. मी त्याच्या पडवीत गेलो, बराच वेळ बसलो. त्याने सुईत दोरा ओवायला तीन वेळा घेतला आणि प्रत्येक वेळी म्हणाला, दोरा हल्ली खराब येतो.

डॉक्टरकडे चल, म्हणालो. तो म्हणाला, माझे डोळे ठणठणीत आहेत. मी महिन्यापूर्वी हेच वाक्य याच आवाजात बोललो होतो. मग उठून घरी आलो.

१० ऑगस्ट

काल पौर्णिमा झाली, नारळ अर्पण केला. डॉक्टरने काळा चष्मा लावून जायला परवानगी दिलीय. आज पहाटे बोट काढली. सुकाणू माझ्या हातात.

सगळं दिसत होतं. डोंगर, त्याखालची माडांची रांग, लाटेवर बसलेले पक्षी, दूरचे बोये. केतन पुढे जाऊन जाळी मोकळी करत होता. माझ्या डाव्या हाताला पायाखालच्या फळीवरचा नवा जांभळा रंग अजून तसाच आहे, पण त्याखाली लाकडात दोन पावलांएवढी जागा घासून गुळगुळीत झालीय. त्या जागी केतन गेला सबंध हंगाम उभा होता. मी जरा वेळ बोट चालवली, मग मला करमेना. हाक मारली. "केतन, इथं ये. उभा राहा." तो म्हणाला, "काय सांगू बाबा, तुमाला सगलं दिसतंय." मी म्हटलं, "तरी सांग." मग तो सांगत राहिला, बोया, जाळी, आणि कुणाच्या बोटीवर कोण आहे ते. सगळं मला आधीच दिसलेलं होतं. पापलेट बरी मिळाली.

संध्याकाळी अंबाजी सिनेमाला आला. हेमालीने तोच लावला, म्हातारा, पेटी आणि पूल, हिंदीतला. ती बोलायला लागली तसं मी तिला खुणेने थांबवलं आणि माझी खुर्ची अंबाजीच्या खुर्चीला लावली.

आता तो पुलावर आलाय, मी हळूच म्हटलं. मागे बकरी आहे, तिच्या गळ्यात लाल दोरी आहे. पुढे म्हाताऱ्याची जुनी मैत्रीण जिना उतरून आली. मी सांगितलं, तिची साडी हिरवी आहे आणि ती त्याला ओळखत नसल्यासारखं करतेय, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. पेटी उघडली तेव्हा आत काय काय आहे ते मी एकेक करून सांगितलं.

मग अंबाजी पडद्याकडेच बघत म्हणाला, "मना दिसतंय रं."

"व्हय," मी म्हटलं. "तरी सांगतंय."

त्याने नाक पुसलं. सिनेमा संपल्यावर उठताना माझ्या खांद्याला धरून उठला, आणि दारात जाऊन थांबला. म्हणाला, त्या अलिबागच्या डॉक्टरला मिशी हाय म्हनतंस? मी म्हटलं, आहे, चांगली झुपकेदार. माझ्या दुसऱ्या डोळ्याची तारीख गणपतीनंतरची आहे. हेमालीने दोघांची घेऊन ठेवलीय.